सलाईन लावायला शिकवणारा रबरी हात : स्किल्स लॅबसाठी घ्यावा का?

२०१९च्या तुकडीपासून एमबीबीएसला कौशल्याधारित अभ्यासक्रम आला आणि स्किल्स लॅबमध्ये हा हात दिसू लागला. आत लवचीक नळ्यांच्या शिरा, वर बदलता येणारी कातडी, स्टँडला टांगलेली लाल पाण्याची पिशवी. आमचं मत आधीच सांगतो : घ्यावा, पण कातडीचे आणि नळ्यांचे जादा संच त्याच ऑर्डरमध्ये मागवून.

कारण साधा हिशेब आहे. १५० जणांच्या तुकडीत प्रत्येकाने पाच वेळा टोचलं तरी ७५० छिद्रं होतात, आणि जो तो कोपराच्या खळगीतच टोचतो. मग तिथे भोकाची वाटच तयार होते. सुई आपोआप शिरेत जाते आणि मुलाला वाटतं, जमलं. कातडी दर सत्रात थोडी फिरवून बसवा. मनगट आणि हाताची मागची बाजू आवर्जून वापरायला लावा. टोचल्यावर लाल पाणी कातडीखाली साचायला लागलं की नळी बदलायची वेळ झाली.

हातात लाल पाणी भरताना नळीच्या दोन्ही बाजूंचे क्लॅम्प (चिमटे) उघडे ठेवून नळीतली हवा पूर्ण बाहेर काढा, मगच पाणी बाहेर जाणाऱ्या बाजूचा क्लॅम्प बंद करा. बुडबुडा राहिला तर सुई शिरेत असूनही फ्लॅशबॅक (सुईमागच्या पारदर्शक चेंबरमध्ये चढणारं लाल पाणी) येत नाही आणि बिचारा विद्यार्थी बरोबर जागा सोडून दुसरीकडे शोधत बसतो. पिशवी हातापासून दीड फुटापेक्षा वर नको. दाब वाढला की प्रत्येक छिद्रातून गळती सुरू.

या हातावर सगळ्यात छान शिकता येतो तो फ्लॅशबॅकनंतरचा क्षण. १५ ते ३० अंशांत, बेव्हल (सुईचं तिरकस तोंड) वर ठेवून आत जायचं. चेंबरमध्ये लाल दिसलं की कोन कमी करायचा, आणखी दोन-तीन मिलिमीटर पुढे जायचं आणि मगच कॅथेटर (सुईवर बसवलेली मऊ नळी) सुईवरून सरकवायचं. नवखे लाल दिसताक्षणी सरकवतात; तेव्हा सुईचं टोक शिरेत असतं, कॅथेटरचं बाहेर. अर्धवट मागे घेतलेली सुई पुन्हा आत ढकलायची सवयही इथेच मोडा, कारण त्याने कॅथेटर कापलं जाऊ शकतं. सरावाला २० नंबरचा गुलाबी कॅन्युला (सुई आणि कॅथेटरचा जोड) घ्या. वापरलेल्या सुया इथेही थेट पांढऱ्या शार्प्स डब्यातच, टोपण परत न लावता.

मर्यादा मोठी आहे. या शिरा निसटत नाहीत, शॉकमधल्या (रक्तदाब खूप घसरलेल्या) रुग्णासारख्या चपट्या होत नाहीत. डाव्या अंगठ्याने कातडी ताणली नाही तरी काम होतं, म्हणून परीक्षकाने ताणण्याचे गुण वेगळे ठेवावेत.

बीटाडीन लावू नका, डाग जात नाही. वर्तमानपत्रावर ठेवू नका, शाई कातडीत उतरते. सत्र संपलं की नळ्या साध्या पाण्याने धुऊन पूर्ण निथळू द्या, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी धरते. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी नळ्या कशाच्या आहेत ते विक्रेत्याला आधी विचारा.

नुसत्या टेबलावर ठेवून मात्र हा हात वाया जातो. खुर्चीत एका विद्यार्थ्याला बसवा, त्याच्या मांडीवर हा रबरी हात ठेवून वर चादर टाका. आता टोचणाऱ्याने नाव विचारायचं, केसपेपरशी ताडून बघायचं, "काका, थोडं टोचेल, हात हलवू नका" म्हणायचं. आणि टूर्निके (शीर फुगावी म्हणून दंडाला बांधायचा पट्टा) आवळून ठेवून तो बोलत राहिला, तर खुर्चीतल्याने "डॉक्टर, हाताला मुंग्या आल्या" म्हणून ओरडायचं.