गोझ्लेमेच्या संचातले कामाचे काय?

तुर्कस्तानात रस्त्याच्या कडेला, बसक्या लाकडी फळीशी मांडी घालून बायका सारणाची जी पातळ पोळी भाजून देतात तिला गोझ्लेमे म्हणतात. ती घरी करता यावी म्हणून जूनच्या आरंभी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 2,350 रुपयांचा संच मागवला. त्यात 38 सेंटिमीटर व्यासाचा घुमटासारखा लोखंडी तवा, पाऊण मीटर लांबीचे बारीक लाटणे, मसाल्याची पुडी आणि चार पानांची कृतिपत्रिका एवढ्या वस्तू निघाल्या. आमचे घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि या परीक्षणात त्या खाऱ्या हवेचाही वाटा आहे. पावसाळाभर आठवड्यातून एकदा तरी ही पोळी केल्यानंतरच हे लिहीत आहे.

आपल्याकडे सारणाची पोळी म्हटली की उंडा, त्यात सारण, तोंड बंद करणे आणि मग लाटणे हा क्रम ठरलेला असतो. त्यामुळे सारण मऊ आणि एकजीव लागते. पुरण जरा सैल झाले की पोळी फुटलीच. गोझ्लेमेचा क्रम उलटा आहे. आधी पोळी कागदासारखी लाटायची, मग तिच्या अर्ध्या भागावर सारण पसरून उरलेला अर्धा भाग वर घालायचा, किंवा चारी बाजू पाकिटासारख्या आत दुमडायच्या. सारण लाटण्याखाली येतच नसल्यामुळे चिरलेली पालेभाजी, कच्चा कांदा, चीजचे खडे असे काहीही आत सुखाने राहते. सगळी मदार पोळी किती पातळ आणि किती मोठी लाटता येते यावर असते. या संचातली खरी वस्तू तवा नसून लाटणे आहे, हे मला तिसऱ्या खेपेला उमगले.

या लाटण्याला तुर्कीत ओक्लावा म्हणतात. ते अंगठ्याएवढे जाड असते आणि त्याला मुठी नसतात. आपल्या लाटण्याने आपण पोळी दाबत फिरवतो. इथे पोळीची कड लाटण्यावर घेऊन ती सगळी त्याभोवती गुंडाळायची, दोन्ही तळवे मध्यावर ठेवून पुढे-मागे लोटत कडांकडे सरकवायचे, मग उलगडून पाव वळसा फिरवून पुन्हा गुंडाळायचे. प्रत्येक गुंडाळीआधी पिठीचा हात फिरवला नाही तर थर एकमेकांना चिकटतात आणि सगळा गोळा पुन्हा मळावा लागतो. माझे पहिले दोन गोळे असेच गेले. हात बसल्यावर मात्र चार-पाच गुंडाळ्यांत पोळपाटाबाहेर जाणारी, खालच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात इतकी पातळ पोळी होते. पोळपाट अपुराच पडतो. मी फणसाच्या लाकडाचा एक कोरा, जेवणाच्या पंगतीला अजून न लागलेला पाट घेऊन त्यावर लाटते आणि ते ओट्यापेक्षा सोयीचे पडते, कारण खाली बसल्यावर खांद्याचा जोर सरळ लाटण्यावर येतो.

तव्याविषयी तक्रारी जास्त आहेत. तुर्कीत अशा उपड्या तव्याला साज म्हणतात आणि तो लाकडांच्या जाळावर ठेवतात. आमच्या गॅसच्या शेगडीवर ठेवल्याबरोबर त्याने शेजारच्या बर्नरची जागाही व्यापली. घुमटाखाली हवा कोंडल्याने ज्योत पिवळी झाली, शेगडीची बटणे तापली, आणि पोळी मध्यभागी करपून कडेला कच्ची राहिली. खाली लोखंडी कडे ठेवून तवा दोन बोटे उचलल्यावर ज्योत सुधारली, पण कडा शेवटपर्यंत थंडच राहिल्या. तोच तवा मागच्या पडवीतल्या चुलीवर, नारळाची सोडणे आणि करवंट्यांच्या जाळावर ठेवला तेव्हा सगळीकडून सारखा तापला आणि पोळी दीड-दोन मिनिटांत तपकिरी ठिपके घेऊन उतरली. तेव्हा ज्यांच्याकडे चूल आहे त्यांना तव्याचे पैसे वसूल होतील. फ्लॅटमधल्यांनी नेहमीचा सपाट तवा वापरून पोळी थोडी लहान करावी, चवीत फरक पडत नाही. सासूबाईंचे मत याहून सरळ होते: “अगो, कढई उपडी घातली असतीस तर चाललं नसतं का?” पुढच्या रविवारी त्यांनी ते करूनही दाखवले, आणि चालले.

गंजाचे प्रकरण वेगळेच. पत्रिकेत तवा धुऊन, तेल लावून तापवावा एवढेच लिहिले आहे, कोणते तेल ते लिहिलेले नाही. मी घरात असलेले खोबरेल चोळले. त्याचा टणक थर बसत नाही, हे जूनच्या पावसात चौथ्या दिवशी तव्यावर उठलेल्या तांबूस ठिपक्यांनी शिकवले. मग तवा चिंच आणि राखेने घासून जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात पाच वेळा देऊन प्रत्येक वेळी धूर येईपर्यंत तापवला, तेव्हा कुठे तो काळा झाला. किनाऱ्यावर राहणाऱ्याने तवा वापरल्यावर लगेच कोरडा करून कागदात गुंडाळून ठेवावा. भांड्यांच्या मांडणीत उघडा ठेवला तर आठवड्यात पुन्हा तेच.

पत्रिकेचे मराठी यंत्राने केल्यासारखे आहे आणि एका जागी तर चुकीचे आहे. युनेस्कोने गोझ्लेमेला वारशाचा दर्जा दिल्याचे तिच्यात छापले आहे. प्रत्यक्षात 2016 साली युनेस्कोच्या यादीत गेली ती लवाश, कातिर्मा, जुप्का आणि युफ्का या पातळ रोट्या करण्याची आणि वाटून खाण्याची परंपरा, आणि तीही तुर्कस्तानसह अझरबैजान, इराण, कझाकस्तान व किर्गिझस्तान या पाच देशांची मिळून. गोझ्लेमेची लाटी त्या युफ्काच्याच कुळातली, एवढे खरे. पिठाचे प्रमाण मात्र पत्रिकेत ठीक आहे. मी दोन वाट्या मैद्याला एक वाटी कणीक, दोन चमचे दही आणि मीठ घालून कोमट पाण्याने पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळते आणि अर्धा तास झाकून ठेवते. ही विश्रांती टाळली तर पोळी लाटताना आखडते.

सारणासाठी तुर्की पांढरे चीज लागते. त्याला तिकडे पेयनिर म्हणतात, म्हणजे आपल्या पनीरचाच भाऊ. दोन्ही शब्द फारसीतून आले. पण ते खारवलेले आणि भुसभुशीत असते, आणि बाजारचे गोडसर पनीर त्याची जागा घेत नाही. मी घरच्या पनीरच्या वड्या त्याच्याच निवळीत, लिटरला 60 ग्रॅम मीठ विरघळवून, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवते आणि मग चुरते. पालक या दिवसांत चिखलाने भरलेला येतो, म्हणून लाल माठ बारीक चिरून, मीठ चोळून घट्ट पिळून घेते. पिळण्यात आळस केला की पाणी सुटून पोळी तव्यावर फाटते. तिकडे खिमा घालतात. आमच्याकडे मासेमारीबंदीच्या दिवसांत भाजलेला सुका जवळा, कांदा आणि कोकमाची दोन आमसुले यांचे सारण घातले आणि घरात सर्वांत आधी तेच संपले. मसाल्याच्या पुडीत तिखट, जिरे आणि बरेच मीठ होते. ती आता भेळेत जाते.

भाजताना तेल घालायचे नाही. पोळी कोरडी भाजून उतरवल्यावर लोणी फिरवायचे, म्हणजे ती कुरकुरीत न होता मऊ राहते. सोबत ताक हवे. तिकडे आयरान नावाचे खारट ताक पितात. आपण ताकात साखर आणि आले घालणे तेवढे टाळायचे.

ऑगस्टमध्ये या संचातले लाटणे दमट हवेने धनुष्यासारखे वाकले आणि पोळी एका बाजूने जाड येऊ लागली. विक्रेत्याला लाटणे सुटे मिळेल का असे विचारले, तर संच पूर्णच घ्यावा लागेल असे उत्तर आले. मग गावातल्या सुताराकडून जुन्या सागाचे तेवढ्याच मापाचे करून घेतले. त्याने 150 रुपये घेतले, आणि गणपतीपर्यंत तरी ते जमिनीवर ठेवले की डुगडुगत नाही.