रेडिएटर स्टॉप-लीक लिक्विड: ३/५, जुगाड म्हणून ठीक
रेडिएटरच्या कोअरला (आतल्या बारीक नळ्यांच्या जाळीला) सुईएवढं भोक असेल तर हे लिक्विड खरंच काम करतं, इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडून ओतायचं, हीटर फुल ठेवून गाडी चालू सोडायची, टपटप हळूहळू थांबते. (गरम असताना कॅपला हात लावू नका हो, आत प्रेशर असतं, उकळता कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) थेट अंगावर.) पण प्लास्टिकच्या टाकीला तडा असेल तर पैसे वाया, आणि होजचा क्लॅम्पच ढिला असेल तर नुसता स्क्रूड्रायव्हर पुरतो, आधी ते बघा. बाटलीवरचं 'परमनंट' मला काही पटत नाही. जास्त ओतलं तर हीटर कोअरच्या (गाडीच्या आतल्या हीटरच्या छोट्या रेडिएटरच्या) बारीक नळ्या चोक होतात. सांडलेला कूलंट लगेच पुसा, गोड लागतो म्हणून कुत्री चाटतात, मांजरंही चाटू शकतात, आणि तो विषारी असतो.