एटिमऑनलाइन : ‘गेट’ या क्रियापदाच्या मुळाशी नेणारा कोश

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी मी नेहमी वापरतो ती सेवा म्हणजे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या डग्लस हार्पर यांनी उभारलेला ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा विनामूल्य कोश. अशा कोशाचा खरा कस रोजच्या वापराने गुळगुळीत झालेल्या शब्दांवर लागतो, आणि मिळवणे या अर्थाचे ‘गेट’ हे क्रियापद त्यांत अग्रभागी येते.

नोंद वाचताच कळते, की सुमारे १२०० पासून इंग्रजी लिखाणात आढळणारे हे क्रियापद प्राचीन नॉर्स भाषेतील ‘गेटा’वरून, म्हणजे स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांच्या भाषेतून आले. जुन्या इंग्रजीत हा धातू होता, पण तो जवळजवळ केवळ उपसर्गयुक्त रूपांतच आढळतो. आजची ‘बिगेट’ आणि ‘फरगेट’ ही त्यांचीच रूपे. ‘फरगेट’चा मूळ अर्थ हातचे निसटणे असा आहे, हे वाचून मला विलक्षण आनंद झाला.

तेथील दुव्यावरून पुढे गेल्यास ‘पकडणे, घेणे’ या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूचे पान उघडते आणि ‘गेस’, ‘प्रिझन’, ‘सरप्राइझ’, ‘कॉम्प्रिहेंड’ हे शब्द एकाच कुळातले असल्याचे दिसते. यांपैकी ‘कॉम्प्रिहेंड’चा पकडण्यापासून समजण्यापर्यंतचा प्रवास मराठी वाचकाला परका वाटणार नाही, कारण संस्कृतातील ‘ग्रह्’ हा धातू निराळा असूनही ‘ग्रहण करणे’ या प्रयोगात त्याच वाटेने आला आहे. अनुमानाने सिद्ध केलेल्या रूपांना तारकाचिन्ह देण्याचा भाषाशास्त्रीय संकेतही येथे पाळला आहे, आणि ही सचोटी मला फार मोलाची वाटते. ‘अक्वायर’ची नोंदही वाचनीय आहे, त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘शोधणे’ हा अर्थ आहे.

उणीव आहे ती संदर्भांची. आधारग्रंथांची यादी वेगळ्या पानावर दिलेली असली, तरी नोंदीतील कोणते विधान कोणत्या ग्रंथावर आधारले आहे, हे बहुधा कळत नाही. शिवाय त्या त्या काळातील वापराची उदाहरणेही क्वचितच मिळतात. संशोधकाला त्यासाठी वर्गणी भरून ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाकडेच जावे लागेल. शिक्षकांनी आणि भाषांतरकारांनी मात्र हा कोश अवश्य वापरावा. फक्त त्यातील वर्षे उपलब्ध लिखित पुराव्याची आहेत, बोलण्यात तो शब्द त्याआधीही रुळलेला असू शकतो, हे विद्यार्थ्यांना सांगायला विसरू नये.