हार्मोन ओपीडी, मुंबई: डॉक्टरला पाच स्टार, रिसेप्शनला दोन

दादर-परळ पट्ट्यातल्या एका हॉस्पिटलच्या ओपीडीबद्दल लिहितेय, नाव देत नाही कारण पुढे रिसेप्शनवर बोलायचंय आणि माझी फाईल अजून त्यांच्याच कपाटात आहे 😄

इथल्या मॅडम एंडोक्राइनच्या, म्हणजे हार्मोनवाल्या. अर्धा आठवडा पेशंट बघतात आणि अर्धा आठवडा वरच्या मजल्यावर लॅबमध्ये असतात, पीसीओएसवर, म्हणजे पाळी आणि हार्मोन बिघडवणाऱ्या बायकांच्या त्रासावर, रिसर्च चालतो. एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमडीची ३, त्यावर हार्मोनमधल्या डीएमची ३, एवढं शिकून झाल्यावर बाहेर दवाखाना टाकून खोऱ्याने पैसे ओढता आले असते, तर ह्या बाई रक्ताच्या ट्यूबा आणि एक्सेल शीट घेऊन बसतात. पेशंटला त्याचं काय? तर बऱ्यापैकी आहे.

आधी डोंबिवलीत जिथे जायचे तिथे सोनोग्राफी बघितली की लगेच गोळ्या, वजन कमी कर, आणि लग्न झालं की होईल सगळं नीट. इथे सोनोग्राफीचा कागद मॅडमनी बाजूलाच ठेवला. म्हणाल्या नुसत्या ह्याच्यावर पीसीओएस म्हणत नाहीत गं, पाळीची गडबड, पुरुषी हार्मोन जास्त आणि ओव्हरीचं चित्र ह्या तीनपैकी दोन तरी जुळायला लागतात, २००३ पासून जगभर हेच धरतात, आणि २०२३ च्या नव्या गाइडलाइनमध्ये प्रौढ बायकांना सोनोग्राफीच्या जागी एएमएच ह्या ओव्हरीतल्या हार्मोनची ब्लड टेस्टही चालते. त्याच्याही आधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) ह्यांच्या टेस्ट, कारण पाळी त्यानेही चुकते.

मग एक चित्रांचा तक्ता काढला. ओठाच्या वर, हनुवटी, छाती, पोट, मांड्या असे नऊ भाग आणि प्रत्येक ठिकाणच्या केसांना ० ते ४ मार्क. थ्रेडिंग कधी केलंस, वॅक्सिंग कधी, तेही लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं पण टेलर माप लिहून घेतो तशा निर्विकारपणे त्या आकडे मांडत होत्या, मग माझीच लाज गेली. साखरेची टेस्टही ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी परत रक्त घेऊन, कारण पीसीओएसमध्ये डायबेटिसचा धोका जास्त आणि नुसत्या उपाशीपोटीच्या टेस्टमध्ये तो निसटू शकतो. (ते पाणी भयंकर गोड असतं, आणि उपाशीपोटी सकाळच्या फास्ट लोकलने जायचं म्हणजे विचारूच नका.)

रिसर्चसाठी थोडं जास्तीचं रक्त द्याल का असंही विचारलं. आईचा चेहरा लगेच पडला, "पोरीवर प्रयोग करताय का?" तर मॅडमनी मराठीतला संमतीपत्राचा फॉर्म आईच्याच हातात दिला. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही, मधेच नाव काढून घेऊ शकता, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. वर म्हणाल्या, ह्याचा तुमच्या मुलीला स्वतःला फायदा होईलच असं नाही हं, घरी नेऊन वाचा. हे एवढं सरळ सांगितलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. सही केली.

आईचा राग गेला तो वेगळ्याच कारणाने. तिला केईएम हॉस्पिटलची टेस्ट ट्यूब बेबी आठवली, ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मलेली, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातची. तेव्हाही केईएमचे डॉक्टर आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ एकत्र होते, हे मॅडमनी सांगितल्यावर तर दोघींच्या गप्पाच सुरू, आणि बाहेर लाईन तुंबलेली.

आता रिसेप्शन. मॅडम कॉन्फरन्सला गेल्या की ओपीडी कॅन्सल आणि तो मेसेज येतो आपण दादरला उतरल्यावर. फोन उचलत नाहीत, उचलला तर "मॅडम ग्रँटच्या (रिसर्चच्या पैशांच्या) कामात आहेत" एवढंच. नवीन तारीख विचारली तर आपण किडनी मागितल्यासारखा चेहरा. शिवाय आधी रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, सगळी कहाणी सांगा, मग मॅडमना तीच परत सांगा. डॉक्टरने रिसर्च करावा, जरूर करावा, पण त्या नसतील त्या दिवशी बघायला दुसरं कोणीतरी बसवा की!

जाणार असाल तर पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या चालू असल्याचं फोनवरच सांगा, त्याने हार्मोनचे रिपोर्ट बदलतात, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्त बहुतेक पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलावून घेतात. आणि सुट्टे पैसे ठेवा, केसपेपरच्या खिडकीवरचं जीपे कायम बंद असतं.