पौंडावर मिळणाऱ्या ‘अनसर्च्ड’ व्हीट पेनी: घ्याव्यात, पण कशासाठी?

अमेरिकेत १९०९ ते १९५८ या काळातले लिंकन सेंट, म्हणजे लिंकनची छबी असलेली एक सेंटची नाणी (बोलीत पेनी), ऑनलाइन वजनावर विकले जातात. मागच्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या, म्हणून नाव व्हीट पेनी. जाहिरातीत एक शब्द हमखास असतो: ‘अनसर्च्ड’, म्हणजे कुणीही न चाळलेल्या. या शब्दापायी एक सेंटही जास्त देऊ नका. साल आणि टांकसाळ बघून किमती नाणी आधीच कुणीतरी वेचलेली असतात. तरी पिशवी घेण्याजोगी आहे, कारण साल बघायला दोन सेकंद लागतात, पण प्रत्येक नाणं भिंगाखाली धरण्याइतकी सवड विकणाऱ्याला नसते. तुमचा वाव तिथे आहे.

आधी वजन. ब्राँझचं नाणं ३.११ ग्रॅमचं, म्हणजे एका पौंडात (सुमारे ४५४ ग्रॅम) साधारण १४६ नाणी. १९४३ ची पोलादी नाणी २.७ ग्रॅमची, ती घातली असतील तर संख्या वाढते. ती लख्ख चकचकीत दिसली तर बहुधा नंतर मुलामा दिलेली समजा. पिशवीत भरणा चाळीस-पन्नासच्या दशकांचा. १९२० च्या आधीची मूठभर, तीही झिजलेली. ५० नाण्यांचा कागदात गुंडाळलेला रोल घेतलात आणि टोकाला इंडियन हेड (लिंकनच्या आधीचा सेंट) झळकताना दिसला, तर ते आमिष आहे.

टांकसाळीचं चिन्ह सालाच्या खाली असतं. आपल्या नाण्यांवर मुंबईचा हिरा जिथे शोधतो, तिथेच. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, आणि कोलकात्यासारखंच काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. १९०९-एस व्हीडीबी (शिल्पकाराची आद्याक्षरं असलेलं; फक्त ४,८४,००० नाणी पाडली), १९३१-एस (८,६६,०००) आणि १९१४-डी (११,९३,०००) या पिशव्यांत सापडतील ही आशा सोडा. १९२४-डी, १९२६-एस किंवा १९११ ते १९१५ मधली ‘एस’ नाणी अधूनमधून निसटून येतात, विशेषतः साल पुसट झालेली. अशी नाणी उजेडाखाली तिरकी धरा. सपाट उजेडात जो आकडा दिसत नाही, तो बाजूने पडलेल्या उजेडात उठून येतो.

१९१४-डी मिळालंच, तर आनंद करण्याआधी लिंकनचा खांदा बघा. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरं १९०९ मध्येच मागच्या बाजूवरून काढली गेली आणि १९१८ मध्ये खांद्याखाली परत आली. तेव्हा १९१४ च्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. असतील, किंवा तिथे खरवडल्याची खूण असेल, तर ते १९४४-डी मधला पहिला ४ कोरून केलेलं आहे. अशा नाण्यात ९ आणि १ यांच्यातली फटही जास्त रुंद दिसते. १९४३ चं ‘तांब्याचं’ नाणं लोहचुंबकाला चिकटलं तर ते मुलामा दिलेलं पोलादच, विषय संपला.

१९२२ ची गंमत वेगळी. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरने पाडले, म्हणून ‘डी’ नसलेलं नाणं म्हणजे साच्यातला बिघाड. मात्र भाव आहे तो मागची बाजू ठसठशीत असलेल्या नाण्याला. पुढच्या बाजूवर ‘इन गॉड वी ट्रस्ट’मधला ‘ट्रस्ट’ हा शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा स्पष्ट आणि सालातला शेवटचा २ आधीच्या २ पेक्षा ठळक असायला हवा. दोन्ही बाजू पुसट असतील तर किंमत खूपच उतरते.

आता भिंगाची कामं. १० पट पुरे; त्याहून जास्त मोठं केलं की प्रत्येक ओरखडा ‘व्हरायटी’ (साच्यातल्या फरकाचं वेगळं नाणं) वाटू लागतो. १९४४-डी मध्ये ‘डी’च्या वर डोकावणारा ‘एस’ आणि १९५६-डी मध्ये खाली दूर पडलेला दुसरा ‘डी’ शोधा. ‘लिबर्टी’तल्या बी आणि ई यांच्यामधली उभी रेघ म्हणजे साच्याची चीर; पन्नासच्या दशकात ती इतकी सापडते की हाताला वळण लावायला उत्तम, श्रीमंत व्हायला नाही.

दुहेरी अक्षरांत मात्र सगळे फसतात. साचा तयार होताना हबचा (साच्यावर चित्र उमटवणाऱ्या मूळ अवजाराचा) ठसा दोनदा आणि किंचित सरकून उमटला, तर दोन्ही अक्षरं गोलसर, उंच दिसतात आणि टोकं दुभंगलेली असतात. हे खरं डबल्ड डाय. नाणं पाडताना साचा हलला तर अक्षराची कड दाबली जाऊन सपाट पायरी तयार होते आणि मूळ अक्षर बारीक होतं. याला काही किंमत नाही. १९५५ चं प्रसिद्ध नाणं नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतं. फक्त शेवटच्या ५ ची सावली दिसत असेल तर तो झिजलेला साचा. ‘गरिबाचं डबल डाय’ म्हणून ते गळ्यात मारतात, घेऊ नका.

काहीही मिळो, धुऊ नका, घासू नका. चमक आली की संग्राहक हात आखडता घेतात. पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा, त्यांतून नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. कागदी २×२ चौकट स्वस्त आणि बरी.

भारतात मागवायचं असेल तर टपालखर्च नाण्यांच्या वर जातो, तेव्हा अमेरिकेतून येणाऱ्या कुणाच्या सामानातून आणवा. शिकायला एक पौंड पुरतो. दुर्मीळ साल हवं असेल तर पिशव्यांवर पैसे घालण्याऐवजी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांच्या बंद कवचातलं एकच नाणं घ्या, आणि कवचावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर ताडून मगच पैसे द्या.