बटाट्याची काळ्या अस्तराची पिशवी: कामाची आहे, पण ती जाळी आधी बंद करा

दोन महिने वापरून लिहितेय. जाड कापडी पिशवी आहे, आतून काळं अस्तर, वर नाडी आणि खाली चेन, म्हणजे आधी भरलेले बटाटे खालून आधी काढता येतात, ही सोय मला खरंच आवडली. पुढच्या बाजूला तळहाताएवढी जाळी लावलीये, आत किती उरलेत ते दिसावं म्हणून. आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की बटाटे विषमुक्त राहतात. हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि लोक त्यावर विसंबून राहतील म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

एकाच लॉटमधले बटाटे घेऊन मी अर्धे पिशवीत भरले, अर्धे खिडकीजवळ उघड्या टोपलीत ठेवले. पंधरा दिवसांनी टोपलीतल्यांची साल नखाने खरवडली तर खाली हिरवी झाक, तीही फक्त उजेडाकडच्या बाजूला, दुसरी बाजू जशीच्या तशी. पिशवीतले छान राहिले, फक्त जाळीला टेकून बसलेले दोन सोडून. त्या दोघांवर जाळीसमोर आलेल्या भागावर तेवढाच हिरवा डाग! पिशवी घ्यायची अंधारासाठी आणि तिलाच उजेड यायला वाट ठेवायची, हे डिझाइन करणाऱ्याला कसं सुचलं कळत नाही.

आता हिरवं म्हणजेच विष असं बरेच जण समजतात, तसं नाहीये. हिरवा रंग क्लोरोफिलचा, त्याने काही होत नाही. पण उजेड लागला की कंदात दोन कामं वेगवेगळी सुरू होतात, एक क्लोरोफिल बनवायचं आणि दुसरं ग्लायकोअल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं बनवायचं, त्यात मुख्य म्हणजे सोलानिन आणि चाकोनिन. म्हणून हिरवा डाग हा इशारा धरायचा, त्यावरून विष किती ते कळत नाही. बटाट्याला मार लागला, कापला गेला तरीही ही द्रव्यं वाढतात, तिथे रंग काहीच सांगत नाही.

झाड हे विष बनवतं कोलेस्टेरॉलपासून, हे वाचून मला पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता. त्या रेणूवर एकामागून एक एन्झाइम काम करत जातात, वाटेत नायट्रोजन जोडला जातो, सोलानिडिन तयार होतं आणि शेवटी त्याला तीन साखरा चिकटतात. गॅलॅक्टोज, ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज लागले की सोलानिन, एक ग्लुकोज आणि दोन ऱ्हॅम्नोज लागले की चाकोनिन. ही एन्झाइमं बनवणारी बरीचशी जनुकं 7व्या आणि 12व्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी बसलीयेत, हे 2013 मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या टीमने दाखवलं. यांना गेम जनुकं म्हणतात. त्यातलं गेम-4 दाबलं की विष जवळजवळ बनतच नाही, आणि गेम-9 हे इतर जनुकं कमीजास्त चालवणारं, मुकादमासारखं. पूर्ण काढूनच का टाकत नाहीत मग? कारण झाडाचं किडींपासून आणि बुरशीपासून रक्षण यानेच होतं, म्हणून तर कोंबात आणि फुलात ते सगळ्यात जास्त असतं.

पिशवी यातलं एकच काम करते, उजेडाचा निरोप त्या जनुकांपर्यंत पोचू देत नाही. मुळात किती बनणार हे वाणावर ठरतं, तिथे पिशवीचं काही चालत नाही. अमेरिकेत 1967 मध्ये चिप्ससाठी लेनापे नावाचं वाण आलं होतं, त्याच्या वंशात एक जंगली बटाटा होता, तळून रंग सुरेख यायचा, पण ग्लायकोअल्कलॉइड इतकं निघालं की 1970 मध्ये वाण मागे घ्यावं लागलं. ते बटाटे कितीही काळोखात ठेवले असते तरी उपयोग नव्हता. नवीन वाणासाठी साधारण 100 ग्रॅम बटाट्यात 20 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2020 मध्ये सांगितलं की शरीराच्या दर किलोमागे 1 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. म्हणजे मर्यादेवरचाच बटाटा असेल तर 60 किलोच्या माणसाला 300 ग्रॅम पुरे, आणि लहान मुलाला किती कमी लागेल ते बघा.

आणि एकदा बनलेलं विष अंधारात ठेवून जात नाही, उकडूनही फारसं कमी होत नाही. त्यामुळे हिरवटलेले बटाटे या पिशवीत टाकून ते सुधारतील अशी वाट बघू नका. जास्तीत जास्त विष सालीत आणि सालीलगत असतं, म्हणून थोडासाच डाग असेल तर जाड सोलून, डोळे खोलवर काढून वापरता येतो, पण बराच हिरवा किंवा चवीला कडू लागला तर सरळ फेकायचा.

बाकी शिवण पक्की आहे, आत ओल धरत नाही, चेन मात्र भरलेल्या पिशवीत अडकते. मी जाळीवर आतून काळ्या कापडाचा दुहेरी तुकडा शिवला, त्यानंतर महिनाभरात एकही डाग नाही. पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. कंपनीला जाळी काढायला आणि पाकिटावरचं ते वाक्य बदलायला कळवलंय, दोन्ही केलं तर उरलेला दीड स्टार लगेच देईन.