अनुदान मिळवून देतो म्हणणाऱ्याने आमच्या बचत गटाचे ७५ हजार रुपये कसे नेले

सांगली जिल्ह्यातील आमच्या महिला बचत गटाकडून अनुदान मिळवून देण्याच्या नावाखाली एका इसमाने ७५ हजार रुपये नेले. गटाची सचिव या नात्याने मी हे लिहीत आहे. त्याने ज्या योजनेचे नाव घेतले ती योजना खरी आहे आणि तिचे आकडेही त्याने बरोबर सांगितले. त्यामुळे ‘खोट्या योजनांना भुलू नका’ हा नेहमीचा इशारा आमच्या काहीच उपयोगी पडला नाही.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून मिरची-हळद कांडपासारख्या छोट्या उद्योगांना यंत्रसामग्रीच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान मिळते, आणि अन्नप्रक्रियेत काम करणाऱ्या बचत गटांतील महिलांसाठी प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. स्वतःला ‘प्रकल्प सल्लागार’ म्हणवणाऱ्या या गृहस्थाने बैठकीत हेच सांगितले, मात्र दोन गोष्टी वगळून. बीज भांडवल गटांच्या संघाला अनुदान म्हणून मिळते आणि संघ ते गटामार्फत सदस्यांना कर्ज म्हणून देतो, म्हणजे ते फेडायचे असते; त्याने ते ‘बिनपरतीचे’ असल्याचे सांगितले. दुसरे म्हणजे ३५ टक्के रक्कम कोणाच्या हातात पडत नाही. ती कर्ज देणाऱ्या बँकेत कर्जखात्याशी जोडून ठेवली जाते आणि तीन वर्षे उद्योग सुरू राहून हप्ते नियमित गेले, तरच कर्जातून वळती होते.

खरा डाव १० टक्क्यांचा होता. लाभार्थ्याने प्रकल्प खर्चाचा किमान १० टक्के हिस्सा स्वतः घालावा, अशी अट योजनेत आहेच. आमचा कांडप यंत्र, पल्वरायझर (बारीक दळणारे यंत्र) आणि पॅकिंग यंत्राचा प्रकल्प त्याने ६ लाखांचा मांडला आणि स्वहिस्सा म्हणून ६० हजार रुपये यंत्र पुरवठादाराच्या खात्यात ‘आगाऊ’ भरायला लावले. वास्तविक स्वहिश्श्याचा प्रश्न कर्ज मंजूर झाल्यावर येतो, तो आपल्या बँकेत भरायचा असतो आणि पुरवठादाराला पैसे बँकच देते. कर्ज मंजूर होण्याआधी तो कोणाच्याही खात्यात भरण्याचे कारण नाही. याशिवाय ‘फाइल खर्च’ म्हणून दहा जणींकडून प्रत्येकी १,५०० रुपये त्याने रोख घेतले. या योजनेत प्रस्ताव तयार करून देण्यासाठी कृषी विभागाने जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचे मानधन मंजूर कर्जामागे शासन देते, अर्जदार नव्हे. ही एवढी माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारल्यास कोणीही सांगते.

गावात आता सगळे विचारतात की दहा बायकांपैकी एकीलाही शंका कशी आली नाही. शंका आली होती आणि ती ठरावाच्या वहीत लिहिलेलीही आहे. परंतु ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातून गटाला फिरता निधी मिळाला तेव्हाही अनेकांनी हसून ‘सरकार कशाला पैसे देईल’ असेच म्हटले होते आणि पैसे खात्यात जमा झाले होते. प्रामाणिकपणे चालणाऱ्या योजनेने निर्माण केलेला विश्वास असा दुसऱ्याच्या कामी आला. शिवाय तो आधी एकेकीच्या घरी जाऊन आला होता आणि प्रत्येकीला ‘बाकीच्यांनी होकार दिला आहे’ असे सांगून आला होता. बैठकीत त्यामुळे प्रत्येकीला वाटले की विरोध करणारी आपण एकटीच आहोत.

पुढे त्याने ‘मंजुरीपत्र’ आणून दिले. वर राजमुद्रा, जावक क्रमांक, हिरव्या शाईतील सही, सगळे यथासांग होते. पण अनुदान गटाच्या बचत खात्यात जमा होईल असे त्यात लिहिले होते आणि कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव कुठेच नव्हते. दुसरा पुरावा पुरवठादाराच्या पावतीवर सापडला. पावतीवरील पत्ता कोल्हापूरचा होता, जीएसटी क्रमांकाची सुरुवात मात्र २४ ने होत होती. या पंधरा अंकी-अक्षरी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तेव्हा नोंदणी वेगळ्याच नावाची, कापड व्यवसायाची आणि रद्द झालेली निघाली. हे पाहायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. तोपर्यंत त्याचा फोन बंद झाला होता.

पैशांपेक्षा मोठी काळजी कागदपत्रांची आहे. दहा जणींची आधार आणि पॅन कार्डांची झेरॉक्स, फोटो आणि कोऱ्या अर्जांवरच्या सह्या त्याच्याकडे आहेत. अशा संचावर परस्पर कर्ज उचलले जाऊ शकते, म्हणून आम्ही सर्वांचे सिबिल अहवाल, म्हणजे कोणाच्या नावावर कोणती कर्जे आहेत याचे अहवाल, काढले. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत देणे बंधनकारक आहे. दोघींच्या अहवालात त्यांनी कधी न पाहिलेल्या वित्तसंस्थांनी कर्जासाठी केलेल्या चौकशीच्या नोंदी आढळल्या. त्या संस्थांना आम्ही लेखी हरकत कळवली असून सर्वांनी आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आहे.

खात्यावरून गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, परंतु रक्कम केव्हाच काढून घेतलेली होती. ही तक्रार व्यवहारानंतर काही तासांत झाली तरच पैसे गोठवता येण्याची आशा असते. पोलीस ठाण्यात सुरुवातीला हा देण्याघेण्याचा दिवाणी वाद ठरवण्यात आला. बनावट मंजुरीपत्र, पावती आणि बँक उतारा जोडून पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. रोख दिलेल्या १५ हजारांना पावती नाही. त्यासाठी फक्त ठराव वहीतील नोंद आणि दहा सह्या आहेत.

शेजारच्या तालुक्यातील एका गटाकडेही असाच माणूस येऊन गेल्याचे ग्रामसंघाच्या (गावातील बचत गटांच्या संघाच्या) बैठकीत कळले. तिथे त्याने दुग्धव्यवसायाच्या योजनेचे नाव घेतले, पण १० टक्के आगाऊ भरण्याची मागणी तीच. ज्या गटांकडे त्याची पावती असेल त्यांनी तिच्यावरील जीएसटी क्रमांक आणि बँक खाते तपासून आपापल्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्यावी. खाते तेच निघाले, तर तपास अधिकाऱ्यांना सर्व प्रकरणे एकत्र जोडता येतील.